वासरांच्या कातड्यावरचा देश

आइसलंडला जाणारा प्रवासी बहुधा दोन याद्या बरोबर नेतो. एका यादीत हिमनद्या, उष्ण झरे, धबधबे आणि ज्वालामुखी असतात. दुसरीत संग्रहालये, चर्चे आणि ग्रंथालये. एक यादी निसर्गाची, दुसरी संस्कृतीची. आम्हीही अशाच दोन याद्या घेऊन गेलो होतो. या देशात त्या वेगळ्या ठेवता येत नाहीत, हे आम्हांला प्रथम कळले ते दक्षिणेकडील ह्लीदारेंदी नावाच्या एका उतारावर.

तेथे पाहण्यासारखे काय आहे? एक लहान चर्च, थोडी शेती आणि खाली दूरवर पसरलेले नदीचे पात्र. पण न्यालच्या सागेतील गुन्नर हा वीर येथला. तीन वर्षे देशाबाहेर राहण्याची अट मान्य करून तो जहाजाकडे निघाला असता वाटेत त्याचा घोडा अडखळला. गुन्नरने उडी मारली आणि मागे वळून आपल्या शेताचा उतार पाहिला. तो इतका सुंदर यापूर्वी कधी वाटला नव्हता. तो परत फिरला, आणि त्यामुळेच पुढे शत्रूंच्या हातून मारला गेला. सागा निसर्गवर्णनात सहसा रमत नाहीत. येथे ते क्षणभर येते आणि एका माणसाचे मरण ठरवून जाते. प्रसंग दहाव्या शतकाच्या अखेरचा, तो लिहिला गेला सुमारे १२८० साली. ही सागा ठाऊक नसेल, तर ह्लीदारेंदी हे केवळ एक कुरण आहे.

सुमारे १ लाख ३ हजार चौरस किलोमीटरचा, म्हणजे महाराष्ट्राच्या साधारण एक तृतीयांश एवढा हा देश. मध्ययुगातील किल्ले, राजवाडे किंवा मोठी मंदिरे येथे नाहीत. नवव्या शतकाच्या अखेरीस वसाहत झाली तेव्हा असलेली बर्चची वने थोड्याच काळात विरळ झाली. त्यानंतर माणसे शतकानुशतके गवताच्या मुळांसकट कापलेल्या मातीच्या ठोकळ्यांची घरे बांधीत राहिली. अशी घरे एक-दोन पिढ्या टिकतात, मग मातीत मिळतात. भूतकाळ सांगणारी वास्तू उरावी, अशी सोय निसर्गाने केलीच नव्हती.

थिंगवेल्लिर येथे हे अधिक स्पष्ट होते. ९३० साली देशाची सभा, आल्थिंग, येथे प्रथम भरली आणि १७९८ पर्यंत ती याच ठिकाणी भरत राहिली. उत्तर अमेरिकी आणि युरेशियाई भूपट्ट एकमेकांपासून दूर सरकत असल्यामुळे जमिनीला पडलेल्या भेगांच्या काठी हे सभास्थान आहे. सभागृह नव्हतेच; खडकाची उंच कडा हेच व्यासपीठ. कायदा सांगणारा अधिकारी तेथे उभा राहून दरवर्षी एक तृतीयांश कायदा तोंडपाठ म्हणे. तीन वर्षांत संपूर्ण कायदा लोकांच्या कानांवरून जाई. सन १०००च्या सुमारास देश नव्या आणि जुन्या धर्मात दुभंगण्याची वेळ आली. तेव्हा थोर्गेइर हा कायदा सांगणारा, स्वतः जुन्या धर्माचा असूनही, एक दिवस आणि एक रात्र पांघरूण घेऊन पडून राहिला आणि उठल्यावर त्याने सर्वांसाठी ख्रिस्ती धर्माचा निर्णय दिला. या स्थळाचे गोडवे गाताना एक गोष्ट विसरता कामा नये: पुढच्या शतकांत याच सभास्थानाजवळच्या डोहात स्त्रियांना बुडवून मारण्याची शिक्षाही दिली जात असे.

१११७-१८च्या हिवाळ्यात हा पाठांतराचा कायदा लिहिण्यास आरंभ झाला. पुढे अरी थोर्गिल्सनने देशाचा संक्षिप्त इतिहास लॅटिनमध्ये न लिहिता लोकभाषेत लिहिला. तेराव्या शतकात सागा लिहिल्या गेल्या. लिहिण्याचे साधन वासराचे कातडे. फ्लातेयारबोक या हस्तलिखितासाठी शंभरांहून अधिक वासरे लागली. ज्या देशात गुरे हीच संपत्ती, तेथे एका ग्रंथाची ही किंमत होती. धान्य जेमतेम पिकत असले तरी गवत उगवत होते; गवतावर गुरे आणि गुरांच्या कातड्यावर वाङ्मय. निसर्ग आणि संस्कृती यांचा संबंध इतका शब्दशः क्वचितच दिसतो.

मात्र लोकांनी हे ग्रंथ प्राणापलीकडे जपले, असे म्हणणे अर्धेच खरे. आर्नी मॅग्नुसन (१६६३–१७३०) हा आइसलंडचाच विद्वान घरोघर हस्तलिखिते गोळा करीत हिंडला, तेव्हा त्याच्या हाती विलक्षण वस्तू आल्या. एका कातडी पानाचा कपडे बेतण्यासाठी नमुना कापला होता. दुसरे पान बिशपच्या टोपीला ताठपणा यावा म्हणून आत घातले होते. गरिबीत कातडे हे आधी कातडे असते, मग साहित्य. आर्नीने सारे कोपनहेगनला नेले, आणि १७२८ साली तेथील भीषण आगीत संग्रहाचा काही भाग जळाला. त्याने वारसा वाचवला की परक्या राजधानीत नेऊन धोक्यात घातला? नोबेल पारितोषिक विजेते हाल्डोर लाक्सनेस यांनी आपल्या ‘आइसलंडची घंटा’ या कादंबरीतील एक प्रमुख पात्र त्याच्यावरूनच रचले.

आमच्या मते ग्रंथ टिकले ते संग्राहकामुळे, तितकेच वाचणाऱ्यांमुळे. हिवाळ्याच्या लांब संध्याकाळी मातीच्या घरात सर्वजण लोकरीचे काम करीत बसत आणि एकजण मोठ्याने वाची. १७८३-८४ साली लाकीच्या भेगांतून निघालेल्या लाव्ह्याने आणि विषारी वायूंनी गुरे मेली आणि दुष्काळात देशाची सुमारे एक पंचमांश लोकसंख्या नष्ट झाली. तरीही छापील ग्रंथांच्या युगात, थेट विसाव्या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत, शेतकरी सागांच्या नकला हाताने उतरवीत राहिले.

येथे मराठी वाचकाला लीळाचरित्र आठवल्यावाचून राहत नाही. तेही तेराव्या शतकातले, तेही लोकभाषेतले गद्य. मूळ प्रत हरवल्यावर शिष्यांनी ते स्मरणाने पुन्हा सिद्ध केले, असे महानुभाव परंपरा सांगते. पण आपल्याकडे पंथीय ग्रंथ सांकेतिक लिपीत सुरक्षित राहिले आणि विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत इतरांना जवळपास अज्ञात होते. तिकडे ते शेतघरातल्या कामाच्या वेळी वाचले गेले. दोन्ही रीतींनी ग्रंथ राखले. भाषेवर मात्र त्यांचा परिणाम सारखा झाला नाही. आजच्या आइसलंडच्या वाचकाला सागा थोड्या साहाय्याने वाचता येतात. आपल्या विद्यार्थ्याला लीळाचरित्र शब्दार्थांच्या टीपांवाचून अवघड जाते. भाषा का बदलते याची कारणे अनेक असतात. परंतु ग्रंथ सर्वांच्या कानांवर पडत राहणे हे त्यांतील लहान कारण नसावे.

हस्तलिखिते परत द्यावीत असा कायदा डेन्मार्कने १९६१ साली संमत केला. आर्नीने संग्रह कोपनहेगनच्या विद्यापीठालाच दिला होता, हा विरोधकांचा युक्तिवाद पोकळ नव्हता. वाद न्यायालयात गेला आणि दहा वर्षे लोटली. २१ एप्रिल १९७१ रोजी डॅनिश नौदलाचे जहाज फ्लातेयारबोक आणि कोडेक्स रेगियस हे दोन ग्रंथ घेऊन रेक्याविकच्या धक्क्याला लागले. मोठा जमाव वाट पाहत उभा होता. पुस्तके येणार म्हणून बंदरावर गर्दी करणारे राष्ट्र! परतीचे हे काम १९९७ पर्यंत चालले आणि संग्रहाचा मोठा भाग आजही कोपनहेगनलाच आहे. तडजोड दोघांनीही स्वीकारली.

एड्डा-काव्यांचा कोडेक्स रेगियस दिसावयास अगदी साधा आहे: ४५ पाने, एका लहान वहीएवढा आकार, काळपट कातडे. रेक्याविकला २०२३ साली ‘एड्डा’ नावाची नवी इमारत या वारशासाठी उघडली. तेथे जाणाऱ्यास आमची एवढीच सूचना आहे: संग्रहालय प्रवासाच्या शेवटच्या दिवसासाठी राखू नये. आधी ग्रंथ पाहावा, जमल्यास एखादी सागा अनुवादात वाचावी, आणि मग ह्लीदारेंदीच्या उतारावर जावे. आम्ही हा क्रम उलटा केला, आणि म्हणून त्या उतारावर आम्हांला दुसऱ्यांदा जावे लागले.