तिकीटविक्री आणि नव्या नाटकाचे आयुष्य : विष्णुदास भावे यांच्या संदर्भात

५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगली येथे विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ सादर केले, ते संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने. १८५१ मध्ये चिंतामणरावांच्या निधनानंतर हा आश्रय संपला व भावे यांना मंडळीसह दौऱ्यावर निघावे लागले. १८५३ मध्ये त्यांनी मुंबईत तिकीट लावून प्रयोग केले. येथे नाटकाच्या निर्वाहाचा आधारच बदलला. राजाश्रयात एका व्यक्तीच्या मृत्यूने मंडळी निराधार होत असे. तिकिटामुळे हा भार अनेक प्रेक्षकांत विभागला गेला. मात्र प्रेक्षक न आल्यास नव्या नाटकाला सांभाळणारा कोणी उरला नाही. व्यावसायिक रंगभूमीचे स्वातंत्र्य व नव्या नाटकाची अनिश्चितता या दोहोंचे मूळ याच व्यवहारात आढळते.