खूण कशाची करायची?

खिळे जुळवून छपाई होत असे त्या काळी संपादक हस्तलिखितावर खुणा करीत. हा मजकूर ठळक, इथे नवा परिच्छेद, हा टाइप मोठा. जुळारी त्याप्रमाणे खिळे लावी. खुणा मात्र छापल्या जात नसत. अशा खुणा करण्याला इंग्रजीत 'मार्कअप' म्हणतात आणि संगणकाच्या पडद्यावरील पानांसाठीही हाच शब्द रूढ झाला. त्याच्या इतिहासात एक प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतो. खूण कशाची करायची? मजकूर कसा दिसावा याची, की तो काय आहे याची?

१९६९ साली आयबीएम कंपनीत गोल्डफार्ब, मोशर आणि लोरी या तिघांनी दुसरा मार्ग धरला. 'हे शीर्षक आहे' एवढेच खुणेने सांगायचे; ते कसे छापायचे हे वेगळे ठरवायचे. त्यांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून या पद्धतीला जीएमएल नाव पडले. तिच्यातूनच वाढलेली एसजीएमएल १९८६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झाली. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली यांनी तिच्याच धर्तीवर एचटीएमएल बेतली.

पुढे वेब लोकप्रिय झाले आणि लोकांना पाने सजवावीशी वाटू लागली. अक्षरांचा आकार व रंग सांगणाऱ्या खुणा आल्या. मजकूर शेजारी-शेजारी मांडण्यासाठी तक्ते वापरले जाऊ लागले. यात बिघडले काय? अंध वाचकासाठी पान मोठ्याने वाचणाऱ्या प्रणालीचा विचार करू. शीर्षकाची खूण असेल तर वाचक एका शीर्षकावरून थेट पुढच्या शीर्षकावर जाऊ शकतो. नुसतीच मोठी, ठळक अक्षरे असतील तर प्रणालीच्या दृष्टीने तिथे शीर्षकच नसते. डोळस वाचकाला सुंदर दिसणारे पान अंध वाचकासाठी दारे नसलेली लांबलचक भिंत होते.

होकोन विउम ली यांनी १९९४ मध्ये सजावटीचे नियम वेगळे लिहिण्याची सूचना केली. बर्ट बॉस यांच्यासह त्यांनी ती विकसित केली आणि डिसेंबर १९९६ मध्ये सीएसएसची पहिली आवृत्ती मान्य झाली. अर्थ एकीकडे, रूप दुसरीकडे, अशी वाटणी पुन्हा शक्य झाली.

तरी प्रश्न संपला नाही. २०१३ मध्ये फेसबुकने 'रिअॅक्ट' सर्वांसाठी खुले केले. यात पान लहान-लहान घटकांतून रचले जाते. पण प्रत्येक घटकाने एकच मूळ खूण द्यावी अशी अट होती. समजा, एका घटकाला तक्त्याच्या ओळीतील दोन कप्पे द्यायचे आहेत. मग त्यांच्याभोवती 'डिव्ह' नावाची अर्थहीन खूण गुंडाळावी लागे. आणि तक्त्याच्या ओळीत थेट कप्पेच असावेत हा तर एचटीएमएलचा नियम! सोयीसाठी घातलेले वेष्टन तक्त्याची रचनाच मोडत होते.

नोव्हेंबर २०१७ मध्ये रिअॅक्टच्या १६.२ या आवृत्तीत 'फ्रॅगमेंट' आले. ते कप्पे एकत्र धरते, पण तयार पानात त्याचा मागमूस राहत नाही. जुन्या संपादकाच्या खुणेसारखेच ते काम करून बाजूला होते.

हा प्रश्न वर्गातही मांडता येईल. पाठ्यपुस्तकाचे एक पान घ्या. त्यातील मथळा, व्याख्या, उदाहरण, चित्राची ओळ मुलांना ओळखू द्या. मात्र आकार आणि रंग यांचा उल्लेख करायचा नाही. मग तेच पान डोळे मिटलेल्या मित्राला वाचून दाखवायला सांगा. कोणती माहिती केवळ दिसण्यावर अवलंबून होती, हे मुलांच्या आपोआप लक्षात येईल.