व्यंजनांचा पक्षपात

जुन्या व्हॉल्व्हच्या प्रक्षेपकाचा आवाज 'सुधारणे' हे एका परीने संहितेचे पुनःसंपादनच होय. १९५०च्या दशकात अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात, वसेका येथील ई. एफ. जॉन्सन कंपनीने हौशी रेडिओवाल्यांसाठी 'वायकिंग रेंजर' काढला. संभाषणासाठीच्या त्या काळच्या अनेक प्रक्षेपकांत आवाज मुद्दाम अरुंद ठेवला जाई: साधारण ३०० ते ३००० हर्ट्झ. उच्चाराचे बळ बहुतांशी स्वरांत, खालच्या पट्ट्यात असते. शब्दाची ओळख मात्र व्यंजनांवर अधिक अवलंबून असते. गोंगाटातून अर्थ पोचवायचा, तर शक्ती खर्जावर का उधळावी?

पुढे हौशी मंडळींनी हा न्याय उलटवला. दोन व्हॉल्व्हांमधला कपॅसिटर ०.००१ मायक्रोफॅरडचा आणि पुढचा रोधक ४.७ लाख ओहमचा असेल, तर सुमारे ३४० हर्ट्झखालचा आवाज क्षीण होत जातो. कपॅसिटर दसपट केला की ही मर्यादा ३४ हर्ट्झवर उतरते. बोलणाऱ्याचा खर्ज परत येतो.

परंतु तो अरुंद आवाज हाही त्या काळाचा पुरावाच आहे. म्हणून आम्हांस वाटते, की बदल जरूर करावा, पण काढलेला कपॅसिटर चिठ्ठीसह पेटीतच ठेवावा. तळटीपेत पाठभेद नोंदवणाऱ्या संपादकाची शिस्त येथेही लागू पडते.