पाच पौंडांत घराचा नकाशा

आज मी रॉबिन बॉइड या ऑस्ट्रेलियन वास्तुशिल्पीविषयी बोलणार आहे. जन्म १९१९, मेलबर्नचा. घराणं चित्रकारांचं.

दुसरं महायुद्ध संपलं, सैनिक परतले आणि घरं कमी पडू लागली. बांधकामाच्या सामानाची टंचाई, त्यात घराच्या आकारावर सरकारी बंधनं. वास्तुशिल्पीची फी देणं सामान्य कुटुंबाला झेपणारं नव्हतं. तेव्हा १९४७ मध्ये व्हिक्टोरिया राज्यातल्या वास्तुशिल्पींची संस्था आणि 'द एज' हे दैनिक यांनी मिळून 'स्मॉल होम्स सर्व्हिस' सुरू केली. संचालक होते बॉइड, वय अवघं २८. ते दर आठवड्याला दैनिकात लेख लिहीत आणि चांगलं छोटं घर कसं असावं हे वाचकांना समजावून सांगत. तिथे तयार नकाशे मिळत, फक्त पाच पौंडांत.

पुढे १९६० मध्ये त्यांनी 'द ऑस्ट्रेलियन अग्लीनेस' हे पुस्तक लिहिलं. मूळ रचनेकडे दुर्लक्ष करून वरवरची सजावट चिकटवण्याच्या हौसेवर त्यांनी त्यात सडकून टीका केली. ती अनेकांना झोंबली.

वॉल्श स्ट्रीटवरचं त्यांचं स्वतःचं घर आज अभ्यासक आवर्जून पाहतात. मधे अंगण, एका बाजूला आईवडील, दुसऱ्या बाजूला मुलं. पण माझ्या मते बॉइड यांचं खरं मोठेपण त्या पाच पौंडांच्या नकाशात आहे. ज्यांना वास्तुशिल्पीचं दारही ठोठावता आलं नसतं, त्यांच्यापर्यंत तो पोहोचला. १९७१ मध्ये, वयाच्या ५२व्या वर्षी ते गेले.