साग, देवराई आणि तिवर

या वीकेंडला थोडं झाडांबद्दल. झाड जगतं कसं? शाळेतलं उत्तर आपल्या सगळ्यांना पाठ आहे: पाणी, माती, सूर्यप्रकाश. उत्तर बरोबर आहे, पण अर्धंच. झाडाला दोन परीक्षा द्याव्या लागतात, एक निसर्गाची आणि एक माणसाची. गंमत म्हणजे पहिलीत ज्याचे मार्क मिळतात, त्यापायीच दुसरीत कधी कधी नापास व्हायची वेळ येते!

आधी साग बघू. हा पानगळीच्या जंगलातला गडी. चार महिने पाऊस, बाकी सगळं कोरडं. म्हणून हा पानं टाकून देतो आणि पाण्याचा खर्चच बंद करतो. वणवा आला तर मोठं झाड सहसा तगतं. लहान रोप वरून जळून जातं, पण जमिनीखालचं मूळ शाबूत असतं, त्याला पुन्हा फुटवा येतो. आमच्या भाषेत सांगायचं तर बॅकअप जमिनीखाली ठेवलेला असतो. शिवाय लाकडात तेल, त्यामुळे वाळवी आणि बुरशी सहजासहजी लागत नाही.

नेमकं हेच लाकूड जहाजबांधणीला हवं होतं. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात (साधारण 1716) आरमाराच्या लाकडाबद्दल सूचना आहेत. सागासारखी झाडं तोडायची ती परवानगी घेऊन. आंब्या-फणसाला मात्र हात लावायचा नाही, कारण ती एक-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती मुलांसारखी वाढवलेली असतात. तीनशे वर्षांपूर्वीचा सरकारी कागद आणि त्यात हा विचार!

पुढे कंपनी सरकार आलं. इंग्लंडात ओक कमी पडू लागला होता, म्हणून मुंबईच्या गोदीत वाडिया मंडळींनी ब्रिटिश नौदलासाठी सागाची जहाजं बांधली. 1817 साली इथे पाण्यात उतरलेलं 'ट्रिंकोमाली' आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतंय. लाकूड मलबारचं होतं. तिथला साग इतका तोडला गेला की 1840 च्या दशकात कलेक्टर कॉनोलीला निलंबूरला सागाची लागवड सुरू करावी लागली. मग रेल्वे आली, स्लीपर्स आले. 1865 आणि 1878 चे जंगल कायदे आले. जंगल 'राखीव' झालं, म्हणजे सरकारसाठी राखीव. पिढ्यानपिढ्या तिथे राहणारे लोक एका कायद्यासरशी स्वतःच्याच रानात घुसखोर ठरले. साग टिकला, पण सरकारी हिशेबातलं पीक म्हणून.

आता सह्याद्रीतलं सदाहरित जंगल. इथे भांडण पाण्याचं नाही, उजेडाचं आहे. वर पानांचं छत, खाली अंधार. इथली बरीच रोपं त्या अंधारात वर्षानुवर्षं जेमतेम वाढत थांबून राहतात. एखादं म्हातारं झाड कोसळलं, वर भोक पडलं, की मग यांची धाव सुरू. आग मात्र यांना सोसत नाही. एकदा उघडं पडलं, उन्हाने तापलं, की हे जंगल सहज परत येत नाही.

मग अशा जंगलाचे तुकडे आजवर उरले कसे? बरेचसे देवाच्या नावावर. भीमाशंकरजवळची आहुपेची देवराई हे त्यातलं एक नाव. कित्येक देवरायांत कुऱ्हाड तर सोडाच, पडलेली काटकीसुद्धा उचलायची नाही असा दंडक. 1970 च्या दशकात वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी या राया अभ्यासल्या आणि शास्त्रज्ञांचं लक्ष तिकडे वळलं. देवाचा धाक ओसरला की मात्र पंचाईत होते. जुन्या देवळाचा जीर्णोद्धार निघतो आणि खर्चासाठी राईकडेच बघितलं जातं.

तिसरं जंगल तर आपल्या लोकलच्या खिडकीतून दिसतं. तिवर आणि कांदळ. चिखलात हवा नाही, म्हणून तिवराची मुळं श्वास घ्यायला वर डोकं काढतात. जादा मीठ तो पानांवाटे बाहेर टाकतो. कांदळाचं बी तर झाडावर असतानाच रुजतं, लांबलचक कोंब फुटल्यावर मग खाली पडतं. एवढं सगळं करूनही मुंबईने या जंगलाला पडीक जागाच समजलं आणि भराव घातला. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मिठीकाठचा भराव आणि तुटलेली तिवरं यांची चर्चा घराघरात झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये उच्च न्यायालयाने राज्यात खारफुटी तोडायला मनाई केली, आणि 2018 च्या निकालात ती पक्की केली.

तीन जंगलं, तीन राखणदार: किंमत, देव आणि कायदा. यातला एकही कायमचा नाही. बाजार फिरतो, श्रद्धा पातळ होते, आणि परवानगीचा अर्ज कोर्टातही करता येतो.

म्हणून कुठल्याशा प्रकल्पाच्या बातमीत 'एका झाडामागे पाच झाडं लावू' असं वाचलं की मी आधी विचारतो, कुठली आणि कुठे? तिवर माळावर जगत नाही. सावलीत थांबून वाढणारं रोप उघड्यावर लावलं तर पहिल्याच उन्हाळ्यात होरपळायची शक्यता जास्त. आकडा पाच असेल, पण त्यातलं उरलेलं किती, हे पुढच्या पावसाळ्यात कुणीतरी जाऊन मोजायला हवं.

असो. पुढच्या वीकेंडला भेटू.