नॉर्वेची बोट आली, नॉर्वेचा कायदा आला नाही

मिरकरवाडा बंदरावर उतरणाऱ्या मासळीचा भाव मिरकरवाड्यात ठरत नाही. एके काळी फारसे गिऱ्हाईक नसलेला राणी मासा आज रत्नागिरीच्या कारखान्यांत सुरिमी होऊन परदेशी जातो. तिथली मागणी, डॉलरचा दर, डिझेलची किंमत यांपैकी काहीच इथल्या माणसाच्या हातात नाही. "जागतिक बाजार आहे, त्याला कोण काय करणार?" असे आपल्याला सांगितले जाते. हे अर्धसत्य आहे. बाजाराचा तडाखा लहान बंदराला थांबवता येत नाही. पण तो कोणाच्या पाठीवर बसणार, हे राजकारण ठरवते.

१९३० च्या महामंदीत युरोपातल्या छोट्या देशांपुढे हाच प्रश्न होता. डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन हे निर्यातीवर जगणारे देश. आयातकराच्या भिंती उभारून बसणे त्यांना परवडणारे नव्हते. त्यांनी दुसरी वाट धरली. बाजाराची दारे उघडी ठेवायची, पण तोटा सगळ्यांनी वाटून घ्यायचा. १९३३ साली डेन्मार्कमध्ये, १९३५ साली नॉर्वेत, १९३८ साली स्वीडनमध्ये कामगार, शेतकरी, मालक यांच्या संघटना आणि पक्ष यांच्यात समझोते झाले. पीटर काट्झेन्स्टाइन या अभ्यासकाने १९८५ साली अशा छोट्या देशांवर पुस्तकच लिहिले. हे मालकांच्या दयेने घडले नाही. कामगार संघटित होता आणि वाटाघाटीला बरोबरीने बसला होता, म्हणून घडले.

यात नॉर्वे आपल्याला अधिक जवळचा, कारण तिथली मासळी. लोफोटेन बेटांवर मासेमारी वस्त्यांना मालक असत. झोपडी त्यांची, धक्का त्यांचा, उधारी त्यांची. म्हणून मासळीही त्यांनाच, ते देतील त्या भावाने. कोकणातल्या वाचकाला हा खोत ओळखायला वेळ लागू नये. मच्छीमारांनी १९२६ साली देशव्यापी संघटना उभी केली आणि १९३८ साली कच्च्या मासळीचा कायदा मिळवला. मासळीची पहिली विक्री मच्छीमारांच्याच विक्रीसंस्थेमार्फत होणार आणि किमान भाव तीच संस्था ठरवणार, हे त्या कायद्याचे सार. "नॉर्वे श्रीमंत आहे, त्यांना जमते" म्हणणाऱ्यांनी साल पाहावे. तेव्हा तिथला मच्छीमार गरीबच होता. समुद्रातले खनिज तेल सापडायला अजून तीस वर्षे होती.

आणि त्याच १९३८ साली आपल्याकडे काय चालले होते? १० जानेवारीला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या कौन्सिल हॉलवर धडकला. त्याआधी १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक विधिमंडळात मांडले होते. ज्या रत्नागिरी जिल्ह्यात खोत पीक नेत होता, तिथलीच माणसे मुंबईच्या गिरण्यांत जाऊन मनीऑर्डरी पाठवत होती. म्हणजे कोकण जागतिक बाजाराशी तेव्हाच जोडलेले होते. गिरणीतली मंदी गावातल्या चुलीपर्यंत पोहोचत होती. शेवटी खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने.

बाबासाहेबांनी हा हिशेब आणखी आधी मांडला होता. १९२३ च्या रुपयावरील ग्रंथात त्यांनी दाखवून दिले की रुपया घसरला की निर्यातदाराला जो नफा होतो, तो देशाचा नफा नसतो. वस्तूंचे भाव चढतात, मजुरी मागे राहते, आणि मजुराच्या ताटातले व्यापाऱ्याच्या तिजोरीत जाते. १९४२ मध्ये मजूरमंत्री झाल्यावर त्याच ऑगस्टमध्ये त्यांनी सरकार, मालक आणि कामगार यांची त्रिपक्षीय परिषद घेतली. स्कँडिनेव्हियाने जे केले, त्याची बीजे आपल्या घरातच होती.

मग स्वतंत्र भारताने काय उचलले? १९५२ साली नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रांशी करार झाला आणि केरळच्या किनाऱ्यावर इंडो-नॉर्वेजियन प्रकल्प सुरू झाला. यांत्रिक बोट आली, बर्फ कारखाना आला, गोठवलेली कोळंबी परदेशी जाऊ लागली. यांत्रिकीकरणाची तीच वाट पुढे साऱ्या किनाऱ्याने धरली. नॉर्वेची बोट आली. नॉर्वेचा कायदा मात्र आला नाही.

त्याचा परिणाम मिरकरवाड्यात दिसतो. शासन मदत करत नाही असे नाही. डिझेलवरच्या कराचा परतावा मिळतो, पण तो बोटमालकाला. एप्रिल २०२५ मध्ये राज्य सरकारने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. पण कर्ज, विमा, वीज यांच्या सवलती घ्यायला बोट, तळे किंवा कारखाना लागतो. जाळे ओढणाऱ्या खलाशाकडे यातले काय आहे? यांतले कितीतरी खलाशी नेपाळहून आलेले. मासळी निवडणाऱ्या, सुकवणाऱ्या, विकणाऱ्या बाईकडे काय आहे?

५ फेब्रुवारी २०१६ च्या अधिसूचनेने पर्ससीनचा हंगाम सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच ठेवला आणि परवाने टप्प्याटप्प्याने १८२ वर आणायचे ठरवले. समुद्र वाचवायला निर्बंध हवेतच. पण त्या रिकाम्या महिन्यांची खलाशाची मजुरी कोण देणार, हे कोणी विचारले? भांडण पर्ससीनवाला विरुद्ध पारंपरिक मच्छीमार असे रंगते. बंदरावर मोठी वस्ती मुस्लिम मच्छीमारांची, म्हणून त्याला धर्माचा रंग देणेही सोपे जाते. श्रमिक जात आणि धर्मात वाटला गेला की वाटाघाटीत त्याची खुर्ची रिकामी राहते. बाबासाहेबांनी १९३६ सालीच हा धोका सांगितला होता.

म्हणून आमची मागणी दयेची नाही. प्रत्येक खलाशाची नोंदणी करा, तो कोणत्याही गावचा वा देशाचा असो. बंदी आणि निर्बंधाच्या काळात भरपाई थेट कष्ट करणाऱ्याच्या हाती द्या. पहिल्या विक्रीला किमान भावाचा कायदेशीर आधार द्या. बंदर, हंगाम, जाळे यांचे निर्णय घेणाऱ्या समितीत खलाशी आणि मासळीवाल्या बाया यांना जागा द्या.

आंबेडकरी तरुणांनी हा प्रश्न "कोळ्यांचा" किंवा "मुसलमानांचा" म्हणून बाजूला ठेवू नये. आपले आजोबा खोताच्या दारात उभे होते. आज धक्क्यावर उभा असलेला माणूस त्याच रांगेत आहे.

जय भीम!