पाण्यावरची रेघ : शत्तुल अरबचा सीमावाद आणि 2007 मधील ब्रिटिश नौसैनिकांची अटक

शुक्रवार, दिनांक 23 मार्च 2007 रोजी सकाळी इराणच्या आखाताच्या उत्तर टोकाला एक घटना घडली आणि पुढील तेरा दिवस लंडन व तेहरान या दोन राजधान्यांत अस्वस्थता पसरली. ब्रिटिश आरमाराच्या 'एचएमएस कॉर्नवॉल' या युद्धनौकेवरील 15 जण (8 नौसैनिक आणि 7 मरीन) दोन लहान होड्यांतून एका व्यापारी गलबताची तपासणी करून परतत होते. त्याच वेळी इराणच्या पासदाराने इन्किलाब म्हणजे क्रांतिरक्षक दलाच्या सशस्त्र होड्यांनी त्यांना घेरले. प्रतिकार न करता त्यांनी शरणागती पत्करली. पंधरा जणांत एक महिला होती. ज्या गलबताची तपासणी झाली त्यावर भारताचा ध्वज होता, हा तपशील आपल्याकडे फारसा कुणाच्या लक्षात राहिलेला नाही.

इराणचे म्हणणे होते की हे सैनिक आमच्या सागरी हद्दीत घुसले. ब्रिटनचे म्हणणे होते की ते इराकच्या हद्दीत, संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेच्या 2006 च्या ठराव क्रमांक 1723 नुसार आपले काम करीत होते. दोन्ही पक्षांनी अक्षांश-रेखांश पुढे केले, नकाशे दाखविले. परंतु ज्या रेषेच्या अलीकडे किंवा पलीकडे हे सैनिक होते असे सांगितले जात होते, ती रेषा मुळात कोणी आणि केव्हा ठरविली, हा प्रश्न त्या गदारोळात मागे पडला. प्रस्तुत लेखात त्या प्रश्नाचा मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

एक नदी, दोन नावे, पाच करार

दजला आणि फुरात (तैग्रिस व युफ्रेटिस) या नद्या इराकमधील अल-कुर्ना येथे एकत्र येतात. तेथून समुद्रापर्यंत सुमारे 200 किलोमीटर वाहणाऱ्या प्रवाहाला अरब लोक शत्तुल अरब म्हणतात, तर इराणी लोक अरवंद रूद. खुर्रमशहर येथे इराणमधून येणारी कारून नदी तिला मिळते आणि सोबत प्रचंड गाळ आणते. बसऱ्याचे बंदर, खुर्रमशहर आणि आबादानचा तेलशुद्धीकरण कारखाना ही सर्व ठिकाणे या एकाच पाण्यावर अवलंबून आहेत. त्यामुळे पाणी कोणाचे, हा वाद येथे कधीच केवळ प्रतिष्ठेचा नव्हता.

1639 मध्ये उस्मानी सुलतान आणि सफवी शाह यांच्यात झुहाबचा तह झाला आणि दोन्ही राज्यांच्या सीमेची ढोबळ कल्पना निश्चित झाली. नदीचा नेमका प्रश्न 1847 च्या एर्झुरूमच्या तहात आला. मुहम्मरा (आजचे खुर्रमशहर) आणि आबादानचे बेट इराणला मिळाले, इराणी जहाजांना मुक्त संचाराचा हक्क मिळाला, मात्र नदीवरील सत्ता व्यवहारात उस्मानींकडेच राहिली. 1913 च्या कॉन्स्टँटिनोपल करारनाम्याने हीच व्यवस्था पक्की केली. या दोन्ही वेळी ब्रिटन आणि रशिया मध्यस्थ म्हणून बसले होते, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. 1908 मध्ये इराणात मस्जिद-ए-सुलैमान येथे तेल सापडले होते आणि ब्रिटनचा या पाण्यातील रस वाढला होता.

लगेच पुढच्या वर्षी पहिले महायुद्ध पेटले. नोव्हेंबर 1914 मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानच्या फौजेतील पुणे डिव्हिजनची पहिली तुकडी शत्तुल अरबच्या मुखाशी फाव येथे उतरली. तिच्यात 117 वी मराठा पलटण होती. बेळगावी येथे आज ज्या मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे, तिच्याच पूर्वपरंपरेतील ही पलटण. त्याच महिन्यात बसरा पडले. पुढे याच डिव्हिजनला कूत-अल-अमारा येथे वेढा पडला आणि 29 एप्रिल 1916 रोजी सुमारे 13,000 लोकांना शरण जावे लागले. त्यांत आपल्या भागातील गावागावांतून गेलेले सैनिक होते. दुसऱ्याच्या साम्राज्यासाठी त्या पाण्यात उतरून कैद भोगलेल्या माणसांची ही आठवण आपल्या घराजवळची आहे.

उस्मानी साम्राज्य कोसळल्यावर इराकचे राज्य अस्तित्वात आले. 4 जुलै 1937 च्या करारानुसार आबादानसमोरचा थोडासा पट्टा वगळता सीमा इराणच्या काठालगतच ठेवण्यात आली, म्हणजे नदी जवळजवळ संपूर्ण इराककडे राहिली. इराणला ही व्यवस्था अन्यायाची वाटत होती. एप्रिल 1969 मध्ये शाहने तो करार रद्द केला आणि इराणी मालवाहू जहाज लष्करी पहाऱ्यात नदीतून बाहेर काढून दाखविले.

तडजोड झाली ती 6 मार्च 1975 रोजी, अल्जीरियाचे अध्यक्ष हुआरी बुमेदियन यांच्या मध्यस्थीने. शाहने इराकी कुर्दांना दिली जाणारी मदत थांबवायची आणि त्या बदल्यात नदीतील सीमा 'थालवेग'वरून, म्हणजे जहाजांच्या वाहतुकीयोग्य मुख्य प्रवाहाच्या मध्यरेषेवरून मानायची, असे ठरले. इराकच्या वतीने करारावर सद्दाम हुसेन यांची संमती होती. त्याच सद्दाम हुसेन यांनी 17 सप्टेंबर 1980 रोजी तो करार रद्द झाल्याचे जाहीर केले आणि पाच दिवसांनी इराणवर आक्रमण केले. आठ वर्षांच्या युद्धात लाखो माणसे मेली. खुर्रमशहर उद्ध्वस्त झाले, बसऱ्यावर तोफा कोसळल्या, नदी बुडालेल्या जहाजांनी भरली. आणि ऑगस्ट 1990 मध्ये, कुवेत गिळल्यानंतर, सद्दाम यांनी 1975 चीच सीमा पुन्हा मान्य केली. एवढे रक्त सांडून रेषा होती तेथेच राहिली.

बिंदू होता, रेषा नव्हती

1975 च्या करारात दोन गोष्टी होत्या. पहिली अशी की, गाळामुळे नदीचे पात्र सरकते, म्हणून दर दहा वर्षांनी दोन्ही देशांनी मिळून मध्यरेषेची फेरपाहणी करावी. युद्धामुळे ही पाहणी झालीच नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. करार नदीच्या मुखापाशी संपत होता. त्यापुढे समुद्रात इराण आणि इराक यांच्यात सीमा आखणारा कोणताही करार झालेला नव्हता.

28 मार्च 2007 रोजी ब्रिटनचे व्हाइस अ‍ॅडमिरल चार्ल्स स्टाइल यांनी पत्रकारांसमोर नकाशा मांडला. घटना 29 अंश 50.36 मिनिटे उत्तर अक्षांश आणि 48 अंश 43.08 मिनिटे पूर्व रेखांशावर, इराकच्या हद्दीत 1.7 सागरी मैल आत घडली, असे त्यांनी सांगितले. भारतीय ध्वजाच्या त्या गलबताच्या कप्तानाने जागेला दुजोरा दिल्याचाही उल्लेख त्यांनी केला. शिवाय इराणने प्रथम दिलेला बिंदू इराकच्याच हद्दीत पडत होता आणि ते लक्षात आणून दिल्यावर इराणने दुसरा बिंदू दिला, असेही ते म्हणाले. हा युक्तिवाद वरवर पाहता बिनतोड होता.

पण बिंदू कितीही अचूक असला तरी तो कोणत्या रेषेपासून मोजायचा? ब्रिटिश परराष्ट्र खात्याच्या सागरी विभागात काम केलेले माजी राजदूत क्रेग मरे यांनी त्याच आठवड्यात निदर्शनास आणले की नकाशावरील समुद्रातील रेषा दोन्ही देशांनी मान्य केलेली नाही. पुढे जुलै 2007 मध्ये ब्रिटिश संसदेच्या परराष्ट्र व्यवहार समितीनेही नमूद केले की सरकारने दिलेला नकाशा असायला हवा होता तितका स्पष्ट नव्हता आणि त्याच्या अचूकतेला आव्हान देणे इराणच्या सोयीचे नव्हते, हे सरकारचे सुदैव. 2008 मध्ये 'द टाइम्स'ने प्रसिद्ध केलेल्या संरक्षण मंत्रालयाच्या कागदपत्रांवरून दिसले की ही रेषा युतीच्या फौजांनी स्वतःच ठरविली होती आणि इराणला ती कळविलेली नव्हती.

याचा अर्थ इराणचा दावा खरा ठरतो असा नव्हे. ज्या अर्थी रेषा ठरलेली नव्हती, त्या अर्थी इराणलाही आपली हद्द ओलांडली गेली असे छातीठोकपणे म्हणता येत नव्हते. समुद्रकायद्याच्या 1982 च्या करारातील कलम 30 नुसार परकी युद्धनौकेने किनारी देशाचे नियम पाळले नाहीत तर तिला ताबडतोब निघून जाण्यास सांगता येते. सैनिकांना पकडून नेण्याची मुभा त्यात नाही. इराणने या करारावर सही केली होती, पण त्याला अंतिम मान्यता दिलेली नव्हती. म्हणजे कायदाही दोघांत पूर्णपणे समान नव्हता.

तेरा दिवस

घटनेमागचे वातावरणही लक्षात घ्यावे लागते. 24 मार्च रोजी सुरक्षा परिषदेने अणुकार्यक्रमावरून इराणवर नवे निर्बंध लादणारा ठराव 1747 मंजूर केला. त्याआधी जानेवारीत अमेरिकी फौजेने इराकमधील इर्बिल येथे पाच इराणी अधिकाऱ्यांना पकडले होते आणि ते कैदेतच होते. शिवाय इराणमध्ये नवरोजच्या सुट्या चालू होत्या, त्यामुळे अधिकाऱ्यांशी संपर्क साधणेही अवघड झाले.

28 मार्च रोजी ब्रिटनने अन्य सर्व द्विपक्षीय व्यवहार थांबविले. इराणने कैद्यांना दूरचित्रवाणीवर आणले. आपण इराणी हद्दीत शिरलो, अशी कबुली त्यांच्या तोंडून वदविण्यात आली. आपल्याला एकटे ठेवून मानसिक दबाव आणला गेला, असे सुटकेनंतर त्यांनी सांगितले. 2004 च्या जूनमध्येही शत्तुल अरबमध्ये पकडलेल्या आठ ब्रिटिश सैनिकांना डोळे बांधून कॅमेऱ्यासमोर उभे केले गेले होते. ज्याच्या हाती प्रतिकाराचे साधन उरलेले नाही, त्याच्या तोंडची कबुली पुरावा म्हणून दाखविणे हे कोणत्याही न्यायकल्पनेत बसत नाही.

29 मार्च रोजी सुरक्षा परिषदेने चिंता व्यक्त केली, परंतु ब्रिटनला हवे तेवढे कडक शब्द त्या निवेदनात आले नाहीत. मार्ग निघाला तो पडद्यामागच्या बोलण्यातून. 3 एप्रिलला ब्रिटिश पंतप्रधानांचे सल्लागार नायजेल शाइनवाल्ड आणि इराणच्या राष्ट्रीय सुरक्षा परिषदेचे सचिव अली लारिजानी यांच्यात दूरध्वनीवर चर्चा झाली. त्याच दिवशी बगदादमध्ये पळविला गेलेला एक इराणी मुत्सद्दी सुटून तेहरानला परतला. यात देवाणघेवाण झाल्याचे दोन्ही बाजूंनी नाकारले. 4 एप्रिलला अध्यक्ष अहमदीनेजाद यांनी प्रथम सैनिकांना पकडणाऱ्या अधिकाऱ्यांना पदके दिली आणि नंतर पैगंबरजयंती व ईस्टर यांचे औचित्य साधून कैद्यांना माफ केल्याची घोषणा केली. 5 एप्रिलला सर्वजण मायदेशी परतले. त्याच दिवशी बसऱ्याजवळ स्फोटात चार ब्रिटिश सैनिक ठार झाले. ज्या युद्धापायी हे नौसैनिक त्या पाण्यात होते, ते युद्ध चालूच होते.

निष्कर्ष

12 जानेवारी 2016 रोजी फारसी बेटाजवळ इराणने दोन होड्यांवरील दहा अमेरिकी नौसैनिकांना पकडले. त्यांच्या गुडघ्यांवर बसविलेल्या चित्रफिती पुन्हा प्रसिद्ध झाल्या, पण ते दुसऱ्याच दिवशी सुटले. अणुकराराच्या वाटाघाटींमुळे जॉन केरी आणि जवाद जरीफ हे दोन परराष्ट्रमंत्री एकमेकांना थेट फोन करू शकत होते, हा मोठा फरक होता. शिवाय फारसी बेट इराणचे आहे, याविषयी वाद नव्हता. मार्च 2019 मध्ये इराण आणि इराक यांनी 1975 च्या कराराच्या अंमलबजावणीची आणि शत्तुल अरबमधील गाळ उपसण्याची तयारी संयुक्त निवेदनाद्वारे दर्शविली. सीमा ठरविण्याचा हाच खरा रस्ता आहे.

आपल्या भाषेत टिकाव न धरणाऱ्या गोष्टीला पाण्यावरची रेघ म्हणतात. उपग्रहाच्या साहाय्याने माणूस कोठे उभा आहे हे आज काही मीटरांपर्यंत सांगता येते, पण तो कोणाच्या हद्दीत उभा आहे हे कोणतेही यंत्र सांगू शकत नाही. त्यासाठी दोन शेजाऱ्यांची संमती लागते. ती मिळविण्याऐवजी तिसऱ्याने आपल्या सोयीने रेषा ओढली, तर त्या रेषेची किंमत राजधानीत बसलेल्यांना नव्हे, तर लहान होडीतल्या सैनिकाला मोजावी लागते. कूतच्या वेढ्यातील मराठा शिपायापासून कॉर्नवॉलच्या नौसैनिकापर्यंत या पाण्याचा इतिहास हेच सांगतो.